झाकलेल्या टेकडीचा ब्लोअर

मित्रांनो, लोखंडाला भीती वाटते का, असे तुम्ही मला विचारलेत तर मी 'हो' म्हणेन. मी एक जुना ब्लोअर आहे. सध्या एका गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. माझे बेअरिंग जळाले आहे, शाफ्ट जागच्या जागी अडकला आहे, त्यामुळे कोणी कितीही जोर लावला तरी मी आता फिरणार नाही. अंगाला गंज चढतो आहे. पण मला जे ठाऊक आहे त्याला अजून गंज चढलेला नाही, आणि ते सांगायला फार वेळ दवडून चालणार नाही.

ब्लोअर म्हणजे जाड लोखंडी कवचात कोंडलेला पंखा. घरातला पंखा वारा घालतो. माझे काम उलटे; मी ओढून घेतो. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथल्या म्हाताऱ्या फिटरने माझी पाती इतकी तोलून बसवली होती की मी पूर्ण वेगात फिरत असताना त्याने माझ्या पाठीवर पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला, आणि थेंबही सांडला नाही. तो म्हणाला, "वेळेवर तेलपाणी मिळालं तर हा आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत चालेल." त्यातले तेलपाण्याचे तेवढे पुढे सगळे विसरले.

मला एका टेकडीच्या पायथ्याशी आणून बसवले. लांबून ती छान हिरवी दिसे, पण ती देवाने घडवलेली टेकडी नव्हती. चाळीस वर्षे सगळ्या शहराने आपला कचरा तिथे आणून ओतला होता. ढीग आभाळाला टेकू लागला तेव्हा त्यावर मातीचा थर पसरला आणि गवत लावले. वर गवत डोलत होते, पण पोटात कचरा कुजतच होता, आणि कुजताना त्यातून मिथेन नावाचा वायू निघत होता. तो डोळ्यांना दिसत नाही. निखळ असेल तर त्याला वासही नसतो. आकाशात गेला तर तो कोळशाच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीने पृथ्वी तापवतो. आणि बंद खोलीत साठून हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला, तर त्याला एक ठिणगी पुरते.

म्हणून सरकारने हवामान कार्यक्रम आखला. तो कार्यक्रम चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढचे ऐकून तुम्ही त्याला नावे ठेवाल, म्हणून सांगतो. टेकडीत एकतीस विहिरी खोदल्या, प्रत्येक विहिरीत भोके पाडलेली नळी सोडली, आणि त्या सगळ्या नळ्या एका मोठ्या नळीला जोडून तिचे टोक माझ्या तोंडाशी आणले. मी वायू ओढायचा, पुढे उंच नळावर ज्योत जळायची, वायू तिथे जळून जायचा. टेकडी आणि घरे यांच्यामध्ये, कुंपणाच्या कडेने, जमिनीत सहा बारीक तपासनळ्या पुरल्या होत्या. वायू कधी आडवा सरकून घरांकडे निघालाच, तर आधी तिथे कळावे म्हणून.

या नळ्या रोज तपासण्याचे आणि मला सांभाळण्याचे काम एका बाईकडे होते. ती वायू मोजायचा मीटर गळ्यात अडकवून टेकडीभर फिरे, म्हणून सगळे तिला मीटरताई म्हणत. ते नाव तिला कुंपणापलीकडच्या सायकलवाल्याने दिले. पायथ्याच्या घरांच्या रांगेत पहिले दुकान त्याचे. चाकाची तार ओढता ओढता तो जाणाऱ्यायेणाऱ्याला टोपणनावे वाटत बसे. त्याच्या दुकानाला लागून एक पाळणाघर होते. चौदा मुले होती तिथे. सकाळी येत, दुपारी जेवून झोपत, संध्याकाळी आईबाप घेऊन जात. खोलीखाली अर्धे जमिनीत गेलेले कोठार होते, त्यात गाद्या, बादल्या आणि मोडकी खेळणी ठेवलेली.

हे पाळणाघर मीटरताईची नणंद चालवायची. आईवडील लवकर गेले तेव्हा याच बाईंनी आपल्या धाकट्या भावाला लहानाचा मोठा केला होता, आणि त्या भावाची बायको म्हणजे मीटरताई. ती त्यांना 'वन्सं' म्हणे, म्हणून मीही वन्संच म्हणतो. माझ्या पत्र्याच्या शेडचे दार थेट पाळणाघराच्या अंगणासमोर उघडत असे. जे तिथून दिसले ते मी पाहिले, आणि जे दिसले नाही ते मीटरताईने मला पुसता पुसता सांगितले. एकट्याने काम करणाऱ्या माणसाला यंत्राशी बोलायची सवय लागतेच.

पहिली सहा वर्षे माझी सोन्यासारखी गेली. माझ्या समोर फीत कापली गेली. शाळांच्या सहली आल्या. एका चिमुरडीने माझ्या पाठीवर कान टेकवून, हा झोपेत घोरतोय का, असे विचारले होते. वर्षाच्या अहवालात माझा फोटो छापून आला. मीटरताई डोळ्यांत तेल घालून माझी निगा राखी. माझ्या बेअरिंगला ग्रीस भरताना ती स्वतःच्या जेवणाचा डबा उघडायलाही विसरे.

पण मित्रांनो, कचरा कुजला की खाली बसतो. टेकडी हळूहळू खचू लागली, तशा तिच्या अंगावरच्या नळ्या वाकल्या. वाकलेल्या जागी पाणी साचले. आधी आठवी विहीर बुडाली, मग नववी आणि तेरावी. मी जीव तोडून ओढत होतो, पण पाण्याने भरलेल्या नळीतून वायू येणार कसा? त्यातच माझे बेअरिंग झिजले. पूर्वी माझ्या पाठीवरच्या पाण्याचा थेंब सांडत नव्हता; आता मी सुरू झालो की शेडच्या खिडकीची काच थरथरे. मीटरताईने नवे बेअरिंग मागितले, नळ्या उचलून घ्यायला माणसे मागितली. उत्तर आले की मागणी पुढे पाठवली आहे. ती पुढे म्हणजे नेमकी कुठे गेली, हे शेवटपर्यंत कोणाला कळले नाही.

माझ्या तोंडाशी येणारा वायू निम्म्यावर आला. आणि इथूनच सगळे वाईट सुरू झाले, कारण त्या निम्म्या आकड्याचा आनंद झाला.

कार्यक्रमाचे साहेब महिन्यातून एकदा येत. माणूस वाईट नव्हता. सडपातळ, कायम दमलेला, काखेत फायली. अशा अनेक टेकड्यांचा भार त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर होता. ज्या दिवशी निम्मा आकडा त्यांनी पाहिला, त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले.

"टेकडी म्हातारी झाली, ताई," ते म्हणाले. "वायू संपत आलाय. आपण जिंकलो."

मीटरताईने हातातला फडका खाली ठेवला. "साहेब, पोहरा फुटका असला म्हणून विहीर आटली असं म्हणायचं का? वायू आहे तेवढाच आहे. आपल्याला तो ओढता येत नाहीये."

"मग बाकीचा जातो कुठे?"

"तेच मी विचारतेय."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या मनात शंका आली होती, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यांनी घड्याळ पाहिले आणि सगळे लेखी द्यायला सांगितले. तिने दिले. तीन आठवड्यांनी तो कागद परत आला. त्यावर दोनच शब्द होते: 'नोंद घेतली.'

पुढच्या वर्षी कार्यक्रमाचा नवा टप्पा आला. टेकडीवर सौर पॅनेल लावायची आणि सूर्यापासून वीज करायची असे ठरले. विचार उत्तम होता. पॅनेलखालची माती पावसाने वाहून जाऊ नये म्हणून सगळ्या टेकडीवर जाड काळे प्लास्टिक अंथरले आणि त्याच्या कडा जमिनीत गाडून टाकल्या. वायू नावापुरताच उरला आहे असे कागद सांगत होते, त्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट ठेवावी असे कोणाच्या मनातच आले नाही. आणि जो वायू नाही तो ओढायला वीज कशाला जाळायची? म्हणून मला बंद करण्याचा हुकूम निघाला. माझ्या स्विचच्या पेटीला शिशाचे सील ठोकले. माझी वाचलेली वीजसुद्धा कार्यक्रमाच्या यशात मोजली गेली.

सायकलवाला प्लास्टिककडे बघत म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची." सगळे हसले. मीटरताई हसली नाही.

बंद पडलेल्या यंत्राला ऐकू जास्त येते. माझी घरघर थांबली तशी मला टेकडी ऐकू येऊ लागली. नळ्यांमधले पाणी आतून कोणी फुंकर घातल्यासारखे गुडगुडायचे. वायू माझ्या तोंडापर्यंत येई, माझी पाती हलत नाहीत असे पाहून थबके, आणि माघारी जाई. तो माघारी जाऊन काय करत असेल, या विचाराने मला कापरे भरे. दुपारच्या उन्हात प्लास्टिक फुगून वर येई, एखाद्या झोपलेल्या जनावराचे पोट यावे तसे. माथ्याजवळची दोन पॅनेले वाकडी झाली. माणसे आली, त्यांनी ती सरळ केली आणि निघून गेली. ती वाकडी का झाली, हे कोणी विचारले नाही.

वर वाट नाही, माझ्याकडून ओढ नाही. वायूला आता एकच दिशा उरली होती. आडवी.

मीटरताईला पॅनेले पुसण्याच्या कामावर लावले होते. पण जेवणाच्या सुट्टीत ती मीटर गळ्यात घालून कुंपणाकडे जाई. सहा तपासनळ्यांपैकी चौथी नळी पाळणाघराच्या बरोबर समोर होती. तिथे सहा वर्षे शून्य आले होते. आता शंभरात दोन भाग आले. दोन आठवड्यांनी सात आले, आणि त्यानंतरच्या महिन्यात एकोणीस. ती शेडमध्ये येऊन माझ्या कवचाला पाठ टेकून बसे आणि आकडा तोंडातल्या तोंडात म्हणे, देवाचे नाव घ्यावे तसा. साहेबांना तिने चार वेळा कळवले. तपासनळ्या जुन्या झाल्या आहेत, त्या बदलायचा प्रस्ताव तयार आहे, असे तिला सांगण्यात आले. म्हणजे आकडा वाईट आला तेव्हा खोट नळीत निघाली. आकडा चांगला आला होता तेव्हा मात्र नळ्या तपासाव्यात असे कोणाला सुचले नव्हते.

मग ती वन्संकडे गेली. तिथे वेगळीच अडचण होती. दोन वर्षांपूर्वी ती असाच मीटर घेऊन पाळणाघरात गेली होती. त्या दिवशी फरशी पुसायच्या स्पिरिटच्या वासाने मीटर ओरडला. हकनाक बोभाटा झाला, आईबाप कामे टाकून धावत आले, आणि त्यातल्या काहींनी आपली मुले कायमची काढून नेली. वन्संनी तो अपमान गिळला होता, पण पचवला नव्हता. यंदा त्यांच्या अंगणातली रोपे एकामागून एक माना टाकत होती, पाणी घालूनही. मुले दुपारच्या झोपेतून उठताना डोके धरून किरकिर करायची. मीटरताईने हे सारे त्यांच्यासमोर मांडले. कोठारात एकदाच, फक्त एकदाच मोजू द्या म्हणाली.

"तुझं यंत्र एकदा ओरडलं आणि माझी सहा पोरं गेली," वन्सं म्हणाल्या. "ते डबडं पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. घरची म्हणून ऐकून घेतलं. आता पुरे."

मीटरताईचा नवराही बहिणीविरुद्ध बोलायला तयार नव्हता. ज्या बहिणीने स्वतः अर्धपोटी राहून त्याला भरवले, तिच्या पोटावर आपल्या बायकोने पाय आणावा, हे त्याला पटेना. त्या घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही.

मग पाऊस लागला. सलग नऊ दिवस रिपरिप. टेकडीभोवतीच्या मातीची सगळी छिद्रे पाण्याने बुजली. कुंपणाशी थोडाफार वायू जमिनीतून वर निसटत होता, ती वाटही बंद झाली. नवव्या दिवशी दुपारी हवा अचानक जड आणि मुकी झाली. झाडाचे पान हलेना. असा हवेचा दाब उतरला की जमिनीच्या पोटातला वायू बाहेर यायला बघतो. मीटरताई चौथ्या नळीवर वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मीटर शंभरात साठ दाखवत होता.

तिने साहेबांना फोन लावला. तो बंद होता. मागाहून कळले की त्या वेळी साहेब दुसऱ्या एका शहरात मंचावर बसले होते. उत्तम कामगिरीचे प्रशस्तिपत्र मिळायचे होते, आमच्याच टेकडीसाठी. तिने अग्निशमन दलाला फोन केला. रस्त्यावर पाणी साचलेय, तासभर तरी लागेल, असे त्यांनी सांगितले.

ती शेडमध्ये आली. दाराशी क्षणभर थांबली. सील तोडले तर नोकरी जाते, हे तिला माहीत होते. माझे बेअरिंग फार टिकणार नाही, हेही माहीत होते. तिने पान्याने एका फटक्यात सील तोडले आणि खटका वर केला.

"एवढा एक तास दे रे बाबा," ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, आणि पळत सुटली.

मित्रांनो, वर्षभर झोपलेले अंग एकदम हलवले की काय होते ते मला विचारा. माझे बेअरिंग किंचाळले. पाती कवचाला घासली. वाकलेल्या नळ्यांमधले पाणी माझ्या तोंडात आले आणि मी ते थुंकून टाकले. पण पाण्यापाठोपाठ वायू आला. पुरासारखा आला. संपला म्हणून ज्याचा आनंद झाला होता, तो सगळा तिथेच होता. वरची ज्योत पेटवायला कोणी नव्हते, त्यामुळे तो न जळताच आकाशात गेला. ज्या वायूपासून पृथ्वीला वाचवायला माझा जन्म झाला होता, तो त्या दिवशी मी स्वतः मोकळ्या आकाशात सोडला. घरांकडे जाऊ देण्यापेक्षा ते बरे होते. दुसरा काही विचार करायला मला उसंत नव्हती.

उघड्या दारातून मला पाळणाघर दिसत होते. मीटरताईने आधी कोठाराच्या झरोक्यातून मीटर आत धरला. तो असा ओरडला की सायकलवाला दुकानाबाहेर आला. वन्सं दारात आल्या, रागाने लालबुंद. मुले नुकती झोपली होती. त्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"बटणाला हात लावू नका," मीटरताई म्हणाली. "भांडायचं ते बाहेर जाऊन भांडू, वन्सं. आधी पोरं उचला."

आणि उत्तराची वाट न पाहता ती आत शिरली, दोन झोपलेली मुले दोन खांद्यांवर टाकून बाहेर आली आणि रस्ता ओलांडून बसथांब्याकडे चालू लागली. वन्संनी आधी बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. मग त्यांनीही एक मूल उचलले. तोंडाने त्या भावजयीचा उद्धार करत होत्या, पण हात थांबले नाहीत. कोणी नुसत्या मोज्यांवर, कोणी उशी कवटाळून, चौदाच्या चौदा मुले बसथांब्याच्या छपराखाली जमा झाली.

मी पन्नास मिनिटे चाललो. माझ्या कवचाचा रंग फोडासारखा फुगून आला, शेडमध्ये जळक्या ग्रीसचा धूर भरला. मग पोटात काहीतरी तडकले, आणि मी थांबलो तो कायमचा.

अग्निशमन दल त्यानंतर वीस मिनिटांनी पोचले. त्यांनी कोठारात त्यांचा मीटर धरला. शंभरात एक भागसुद्धा नव्हता. चौथ्या तपासनळीतही आकडा खूप उतरला होता. आईबाप जमले होते. ज्याच्या त्याच्या नजरेत एकच प्रश्न होता, आणि मीटरताईकडे दाखवायला काहीच नव्हते. जो पुरावा तिच्याजवळ होता तो मी ओढून आकाशात उधळला होता. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम मी त्या दिवशी केले, आणि त्याच कामाने तिला खोटे पाडले. हे शल्य माझ्या लोखंडात अजून आहे.

सरकारी सील तोडले आणि यंत्र निकामी केले म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी मीटरताईला कामावरून दूर करण्यात आले. साहेबांनी तो कागद खाली मान घालून दिला. तरी ती शेडमध्ये आली, माझ्या अंगावरची काजळी पुसायला. त्याच सकाळी वन्सं तिथे आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कुंपण ओलांडले नव्हते. पाळणाघर आजच उघडा म्हणून आईबाप त्यांच्या मागे लागले होते, त्यांचा भाऊही लागला होता. त्यांनी माझ्या जळलेल्या कवचावरून बोट फिरवले.

"तुझ्या मीटरमधलं मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पोरं मात्र कळतात. गेले आठ दिवस ती दुपारची उठवता उठत नव्हती. मला वाटलं, पावसाळी हवा आहे. काल त्या बसथांब्यावर अर्ध्या तासात एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली."

मीटरताईने काजळीचे हात पुसले.

"मी कुलूप लावलंय," वन्सं म्हणाल्या. "किल्ली तुझ्याकडे ठेव. लोकांनी फार आग्रह धरला तर माझा धीर सुटेल, म्हणून तुझ्याकडे."

त्या दोघी मग रांगेतल्या घरोघरी गेल्या. काही लोकांनी ऐकले, आणि रांगेच्या या टोकाची तीन घरे रिकामी झाली. काहींनी तोंडावर दार लावले. सायकलवाल्याने दोघींना बसायला स्टूल दिले, त्यांचे सगळे नीट ऐकून घेतले, आणि दुकान बंद ठेवणे परवडत नाही असे हात जोडून सांगितले.

माझी ओढ थांबल्यापासून वायू पुन्हा कोठारात साठत होता. बाराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, सायकलवाला एका सायकलचा दांडा ग्राइंडरवर घासत होता आणि ठिणग्या कोठाराच्या झरोक्याकडे उडत होत्या. मी आधी आवाज ऐकला नाही. आधी माझ्याखालची जमीन उचलल्यासारखी झाली. मग आवाज आला. पाळणाघराची फरशी खालून फाटली, मधली भिंत सायकलच्या दुकानात कोसळली, आणि खिडकीची चौकट माझ्या शेडच्या पत्र्यावर येऊन आदळली. धूळ खाली बसली तेव्हा त्या खोलीला छप्पर नव्हते. अकरा वाजता रोज तिथे चौदा मुले गोल करून खाऊ खायला बसत असत.

सायकलवाला वाचला, कारण तो ग्राइंडर घेऊन उंबऱ्याबाहेर बसला होता. त्याचे दोन्ही हात भाजले, आणि उजव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. तो पुन्हा दुकानात बसतो, पण कोणाला टोपणनाव देत नाही.

त्यानंतर मात्र सगळे धावत आले. चौकशी झाली. प्लास्टिक जागोजागी कापून वायूला वाट दिली, नळ्या उचलल्या, नवा ब्लोअर बसवला. मीटरताईला सन्मानाने परत बोलावले. वन्संनी दुसऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, खिडक्या असलेली जागा घेतली. चौदातली अकरा मुले तिथे आली.

मला शेडमधून हलवले त्या सकाळी साहेब आले होते. ते आणखीनच वाळले होते. त्यांनी मीटरताईसमोर एक यादी ठेवली. याच पद्धतीने झाकलेल्या टेकड्या एकूण अठरा. त्यातल्या अकरा ठिकाणी वायू कमी झाला म्हणून ब्लोअर बंद केलेले. प्रत्येक नावापुढे त्यांचीच सही होती.

"कुठून सुरुवात करू?" त्यांनी विचारले. साहेब म्हणून नाही, वाट चुकलेला माणूस विचारतो तसे.

"पायथ्याशी घरं जिथे सगळ्यात जवळ आहेत, तिथून," ती म्हणाली, आणि मीटर गळ्यात घातला.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. चांगल्या कामाला आरंभ करणारे खूप असतात. नळीतले पाणी काढणारे, वेळेवर ग्रीस भरणारे, रोज वाकून आकडा पाहणारे थोडे असतात. त्यांचे म्हणणे ऐका. आणि एखादा वाईट आकडा खाली आला असे कोणी तुम्हाला आनंदाने सांगितले, तर टाळ्या वाजवण्याआधी तो का खाली आला एवढे विचारा. मोठी माणसे कंटाळली, रागावली, तरी विचारा.

अकरापैकी सात टेकड्या मोजून झाल्या आहेत. त्यातल्या दोन ठिकाणी लोकांना घरे सोडायला सांगावे लागले. चार अजून राहिल्या आहेत. मीटरताई आज पहाटे आठव्या टेकडीकडे निघाली, असे गोदामाचा पहारेकरी फोनवर कोणाला तरी सांगत होता. तिथे पायथ्याला लागून शाळा आहे, आणि सहा दिवसांपासून रिपरिप लागली आहे.